मंद्रूपच्या लग्नातला नाच

रविवार, संध्याकाळ

गेल्या आठवड्यात मंद्रूपला भाच्याच्या लग्नात आमच्या कॉलेजच्या दिवसांतलं गाणं लागलं आणि मी उठलेच. पोरींनी शिट्ट्या वाजवल्या. दोन्ही हात उंच करून मनासारखी नाचले. निदान मला तसं वाटलं.

आज भाचीनं, सुप्रियानं, फोनवर व्हिडिओ दाखवला. एक जाड बाई जागच्या जागी हलत होती. हात खांद्याच्या वर गेलेच नव्हते. खरंच नव्हते, तीनदा बघितलं.

"पुसून टाक गं. त्या दिवशी मला जमलं नाही," मी म्हणाले.

"मावशी, तू कायम अशीच नाचतीस की. लई गोड दिसतीस."

चिडवत नव्हती, प्रेमानं सांगत होती. कायम म्हणजे कधीपासून, हे विचारायचं धाडस झालं नाही.