काल तू क्षणभर थांबलास

प्रिय अनोळखी मित्रा,

मायन्यात चि. लिहावं की कै.? जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, पण हा पेच काही सुटेना. तू गेलास, आणि माझ्या छातीत चालूही आहेस! तरुण मुलाचं हृदय मिळालंय, एवढंच बसवताना सांगितलं होतं. म्हणून सरळ 'तू' म्हणतो. काल तू भलताच पळत सुटलास, मला नागपूरला न्यावं लागलं, म्हणून आज हे पत्र.

एरवी तू किती थंड! घाटंजीत एसटीमागे धावलो तर तू ढिम्म. जागा मिळून तिकीट काढून झालं की मग तुझी धडधड! मेंदूकडून येणाऱ्या नसा कापलेल्या, निरोप रक्तातून पोचतो, उशीर व्हायचाच. बोंडअळीनं कापूस खाल्ला, उरलेल्याचा भाव पडला, तेव्हाही तू निवांत. अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात असं काळीज माझं एकट्याचंच!

माझी बायको सुनंदा चिडते, "मी एवढी बोलून राह्यली, तुम्हाले काहीच होत नाही?" होतं की! ती स्वयंपाकघरात गेल्यावर.

काल डॉक्टरांनी कागदाची पट्टी दाखवली. "गुरुजी, हे मोठे ठोके नव्या हृदयाचे. हे बारके उंचवटे तुमचे. जुन्या हृदयाचा वरचा तुकडा शिवणीसाठी ठेवलाय, तो अजून आपल्याच तालात चालतो." एका घरात दोन चुली! मला हसू आलं.

शेजारी उभी सुनंदा भडकली, "काहून हासून राह्यले? इथं माह्या जिवाचं पाणी होऊन राह्यलं!"

तुझी धाव आवरायला डॉक्टरांनी इंजेक्शन अर्धंच भरलं. नसा कापलेलं हृदय या औषधाला फार हळवं असतं म्हणे. क्षणभर थांबेल, मग ताळ्यावर येईल.

आणि तू थांबलास. तुझी रेघ सपाट. माझे उंचवटे तेवढे चाललेले, पण त्यांच्यानं रक्ताचा थेंब हलत नाही. इतका एकटा मी कधीच नव्हतो. रागही आला रे! असं दुसऱ्यांदा जातात का? एवढी स्तोत्रं पाठ, पण तोंडातून निघालं ते, "ये न बा!"

आलास. अगदी शहाण्यासारखा, संथ.

सुनंदानं माझ्या छातीवर हात ठेवला. "असं नाई करू, बाबू." हे मला नव्हतं, तुला होतं!

आता गोळ्या चुकवणार नाही, एसटीमागे धावणार नाही. आणि पेच सुटला बरं का. तुझं नाव कधी कळलंच, तर त्याआधी चि. लिहीन. मी आहे तोवर दुसरं काही लिहू देणार नाही.

तुझ्याच ठोक्यांवर चालणारा,
दिगंबर गुरुजी