रुचिताच्या पापण्या

ठाणे, ११ नोव्हेंबर २०२४

चि. रुचितास अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडे फोन सगळ्यांच्या कानांवर पडतो, म्हणून हे पत्र. लग्नाच्या साड्यांसाठी चार दिवस राहून गेलीस, घर भरल्यासारखं वाटलं. पण एक गोष्ट खटकली. बेसिनपाशी तुझी छोटी डबी दिसली. उघडली, तर आत खोट्या पापण्या. समारंभाला लावल्यास तर समजू शकते. तू सकाळच्या चहालाही लावून येत होतीस आणि झोपण्याआधी दार लावून धूत होतीस. अगं, घरात कुणाला दाखवायचं असतं? हे स्थळ मी आणलंय. कल्याणची माणसं सरळ आहेत. काय लपवतेस ते कळव, नाहीतर स्वानंदच्या आईंशी मलाच बोलावं लागेल.

काळजीपोटी लिहिलंय, मनात किंतु ठेवू नकोस.

तुझी योगिनीआत्या

ठाकुर्ली, १४ नोव्हेंबर

ती. योगिनीआत्यास सा. न.

आत्या, माझ्या पापण्यांना केसच नाहीत. बारावीत गळले ते परत आले नाहीत. दाट पापण्या चटकन ओळखू येतात, म्हणून मी विरळ, आखूड, बारीक दोऱ्यावर बसवलेल्या निवडते. रोज चिमट्याने त्यांचा डिंक सोलायचा, ओल्या कापसानं पुसायच्या, वाळवून डबीत ठेवायच्या. मग एक जोडी महिनाभर जाते.

स्वानंदला दुसऱ्याच भेटीत सांगितलं. उपवन तलावापाशी त्याच्यासमोर काढून दाखवल्या. त्याने जवळ येऊन नीट पाहिलं. मग म्हणाला, "धूळ जाते का गं डोळ्यांत?" त्यानंतर मी होकार कळवला.

तुला सांगायला बाबांनीच मना केलं. आईच्या हातावर पांढरा डाग आला तेव्हा तू तीन घरी बोललीस, ते विसरलेले नाहीत. खरं सांगते, मीही नाही.

तरी माया आहे तशीच राहू दे.

तुझी रुचिता

ठाणे, १८ नोव्हेंबर

चि. रुचितास आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. मी कालच कल्याणला जाऊन आले. उत्तर नाही म्हटल्यावर माझा संशय पक्का झाला होता. स्वानंदच्या आई मटार सोलत होत्या. मी हलक्या आवाजात तुझ्या डबीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की हे त्याने घरी केव्हाच सांगितलंय. मग चहा दिला. निघताना मात्र विचारलं, "तुम्ही सख्ख्या आत्या ना? मग तुम्हांला कसं नाही सांगितलं तिनं?"

 सांगायचं राहून गेलं असेल, असं मी म्हणाले.

रुचिता, त्यांनी तुला विचारलं, तर तूही तेवढंच सांगशील का?

तुझी योगिनीआत्या