आडव्या बाटलीतलं बर्बन

४ मे, रविवार. सायं. ६.
रोजनिशी सुरू. गेली चोवीस वर्षं शहापूरच्या हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहायक आहे. जर्नलवर सह्या सर करतात, पण प्रयोग कुणामुळे यशस्वी होतात ते सगळ्या शाळेला ठाऊक आहे. सुट्टी लागली आहे. संकल्प: रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, खरं लिहायचं.

आज भगीरथरावांचा फोन. हे आमच्या मुलीचे, दिपिकाचे, होणारे सासरे. होणारे म्हणजे अजून व्हायचे आहेत. दिपिका आणि त्यांच्या प्रणयचं आपसात ठरलंय. मुलगा चांगला आहे, पुण्यात अमेरिकन कंपनीत आहे. त्याच्या आईवडिलांनी एकदा घर बघून होकार द्यायचा तेवढा बाकी. १८ तारखेला, रविवारी चार वाजता येतायत.

मी विचारलं, खायला-प्यायला काय आवडतं? ते म्हणाले, "काय नको हो. चहा आन् बर्बन, बास. आमच्या दोघांना बर्बन लय आवडतं. फक्त थंड करून ठेवा, नायतर या उन्हात मजा जाते."

फोन ठेवला. बर्बन! मुलाची कंपनी अमेरिकन, तेव्हा बरोबरच आहे. माणूस रेल्वेतून रिटायर झालेला, पण पोहोच केवढी. आणि बायकोसुद्धा घेते.

५ मे, सोमवार.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, बर्बन म्हणजे ते चॉकलेटचं क्रीमवालं बिस्किट ना, आणते दोन पुडे. मी हसलो. समजावलं की बर्बन ही अमेरिकेतली व्हिस्की, मक्यापासून करतात. बिस्किटाला नाव तिच्यावरूनच पडलं असणार. मोठी माणसं फोनवर सगळं उघड बोलत नाहीत, आपण समजून घ्यायचं असतं. तिने विचारलं, मग चहा कशाला म्हणाले? चहा हे निमित्त, असं मी म्हणालो. ती भाकऱ्या थापायला गेली.

आणखी एक निरीक्षण. ते 'बर्बन आवडतं' म्हणाले, 'आवडते' नाही. म्हणजे जाणकार लोक बर्बन नपुंसकलिंगात घेतात. मीही आजपासून तसंच म्हणणार.

अडचण एकच. बिअर थंड करतात हे माहीत आहे. व्हिस्की बाटलीसकट थंड केलेली पाहिली नाही. शेजारच्या महेंद्रला विचारलं. तो विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर काम करतो, त्यामुळे त्याला परदेशातलं कळतं. तो म्हणाला, थंड केलं तर वास मरतो, असली माल तसाच प्यायचा. भगीरथराव म्हणतात थंड, महेंद्र म्हणतो तसंच. एका बाटलीची व्यवस्था त्याच्याकडेच सोपवली.

७ मे, बुधवार.
मुलीच्या सासरची चौकशी करणं बापाचं कर्तव्य. एसटीने टोकावड्याला जाऊन आलो. त्यांचं गाव तिथून दोन किलोमीटर आत. उन्हात तेवढं चालणं शक्य नव्हतं, म्हणून फाट्यावरच्या ढाब्यावर बसून चौकशी केली. प्रयोगशाळेत याला नमुना पद्धत म्हणतात.

मालकाला विचारलं, प्रणयच्या आई गिरजाताई कशा आहेत? त्याने कपाळाला हात लावला. "गिरजाताय? त्या बाईनं बाटली आडवी केली, साहेब. पैल्यांदा नाय जमलं तिला. दुसऱ्यांदा केलीच. आख्खं गाव बगत व्हतं."

मी थक्क. पहिल्या बैठकीत जमलं नाही, दुसऱ्या बैठकीत संपवली. तेही गावादेखत. मालक पुढे म्हणाला की तेव्हापासून गावातलं दारूचं दुकान बंद आहे. साहजिक आहे. एका बाईने एवढा माल संपवल्यावर दुकानदार कुठवर पुरा पडणार?

निष्कर्ष: साधी पाहुणी येत नाहीये. तयारी त्या दर्जाची हवी.

९ मे, शुक्रवार.
बाटली आली! महेंद्रने पिशवीत गुंडाळून दिली. सोनेरी रंग, जाड काच, वर घोडा. फ्रिजमध्ये उभी मावेना, म्हणून कोथिंबिरीचा डबा आणि इडलीचं पीठ बाहेर काढून आडवी ठेवली. मग लक्षात आलं, ही तर आडवी बाटली, गिरजाताईंच्या कानावर हे गेलं तर त्यांना किती बरं वाटेल.

इडलीचं पीठ संध्याकाळपर्यंत पातेल्याबाहेर आलं. सौ. बरंच बोलली. लिहिण्यासारखं नाही.

१० मे, शनिवार. दु. ३.
थंड की तसंच, हा वाद बोलून सुटणारा नाही. प्रयोग हवा. शाळेतून थर्मामीटर आणि शंभर मिलीचं मोजपात्र आणलं. (सुट्टीनंतर परत करणार.) दोन नमुने घेतले, तीस मिली फ्रिजमधला आणि तीस मिली बाहेर ठेवून तापवलेला. संकल्प: फक्त वास घ्यायचा.

दु. ३.४०. वासावरून निर्णय होत नाही. चव घेतली.

दु. ४.३०. थंड जास्त चांगलं. नाही, गरम. पुन्हा पाहायला हवं.

११ मे, रविवार.
डोकं दुखतंय. ऊन फार आहे. एका वाचनावर निष्कर्ष काढू नये, असं मी मुलांना चोवीस वर्षं सांगत आलोय. किमान तीन वाचनं आणि सरासरी. आज पाच घेतली.

१२ मे, सोमवार.
डोकं जास्त दुखतंय. बाटली निम्म्यावर. विज्ञानाला किंमत मोजावी लागते.

दिपिका घरी आली आणि फ्रिज उघडून रडायला लागली. म्हणाली, बाबा, त्यांच्या घरात कुणी थेंबालाही शिवत नाही. अठरा तारखेला ही बाटली त्यांना दिसली तर माझं लग्न मोडलं समजा. मी डोक्यावरून हात फिरवला. मुलींना सासरचं सगळं लग्नाआधी कुठे कळतं? ती बिचारी प्रणयच्या बोलण्यावर जाते. मी प्रत्यक्ष टोकावड्याला जाऊन आलोय.

तिला रडताना पाहून मला वाईट वाटलं, हेही लिहून ठेवतो. पण मी जे करतोय ते तिच्यासाठीच. तिथे माझ्या मुलीला कुणी गावंढळ घरातली म्हणता कामा नये.

सौ.ने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला तासाभरासाठी गहू दळून आणायला पाठवलं. हळूहळू तिला पटतंय.

१३ मे, मंगळवार.
क्रांतिकारक निरीक्षण! बाटलीतली पातळी वाढली आहे. काल निम्मी होती, आज गळ्यापर्यंत. आधी चक्रावलो. मग आठवलं. चार अंशांच्या खाली पाणी आकुंचन पावायच्या ऐवजी प्रसरण पावतं. पाण्याचं असंगत आचरण, दहावीचा धडा. म्हणजे बर्बनचंही असंगत आचरण असतं, आणि ते शहापुरात प्रथम माझ्या फ्रिजमध्ये दिसलं.

चवही बदलली. पहिले तीन दिवस घशात जळजळ होत होती, ती गेली. आता मऊ, किंचित तुरट, मागे आल्याचा आणि वेलचीचा भास. थंडाव्यात चार दिवस मुरलं की बर्बन असं होतं तर. भगीरथराव उगाच नाही म्हणाले.

मोरीत कसला तरी उग्र वास येतोय. सौ.ने फिनाईल बदललं वाटतं.

१४ मे, बुधवार.
दुपारी चार वाचनं. जरा जास्तच चढली. गॅलरीत उभं राहून कॉलेजातलं भाषण म्हणून दाखवलं. खाली पोरं जमली. पाय थोडे लटपटत होते, पण विचार स्वच्छ. डोकं मात्र अजिबात दुखत नाही. उंची मालाची हीच खूण.

सौ. हल्ली सारखं चहाचं आधण ठेवते, पण माझ्यापर्यंत कप येत नाही. विचारलं तर म्हणाली, येतोय की तुमच्यापर्यंत. दिपिकाने तोंडावर ओढणी धरली. दोन दिवसांपूर्वी रडणारी पोर आज हसत होती. बरं वाटलं.

१५ मे, गुरुवार.
महेंद्रला बोलावून मुरलेलं बर्बन पाजलं. सोबत चणे. त्याने एक घोट घेतला, ग्लासात पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाला, वहिनींच्या हाताला चव आहे. चण्यांबद्दल बोलत असावा. मी विचारलं, आता पटलं ना, थंडच हवं? तो म्हणाला, थंडपेक्षा गरम बरं लागलं असतं, आणि सोबत टोस्ट. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. परदेशी सामान उचललं म्हणून जीभ परदेशी होत नाही.

१७ मे, शनिवार.
उद्याची योजना. ४.०० आगमन. ४.१० पाणी. ४.१५ मी उठणार आणि "आपल्या सूचनेप्रमाणे" एवढंच म्हणणार. ४.१६ पांढऱ्या टॉवेलवर आडवी बाटली, चार ग्लास. ४.२० होकार.

सौ.ने फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बिस्किटांचे पुडे ठेवलेत. ठेवू दे. बायकांचं समाधान.

१८ मे, रविवार. सकाळी ९.
तापमान सहा अंश. पातळी उत्तम. मनही उत्तम.

त्याच दिवशी, सायं. ७.
खरं लिहायचं असा संकल्प आहे, म्हणून लिहितो.

ते आले, प्रणयही सोबत. भगीरथराव पंख्याखाली बसले. गिरजाताई उंच, सुती साडी, आवाज असा की पाणी मागितलं तरी उभं राहावंसं वाटावं. मी बरोबर सव्वाचारला उठलो, म्हणालो, "आपल्या सूचनेप्रमाणे थंड करून ठेवलंय." भगीरथरावांचा चेहरा खुलला. मी टॉवेल घेऊन आलो.

भगीरथरावांचा चेहरा मिटला. प्रणय चपलांकडे बघायला लागला. स्वयंपाकघराच्या दारात दिपिका उभी होती. कालपर्यंत हसणारी माझी पोर, पण आता तिचा रंग उडाला होता. बाटली ऐनवेळी मी अशी मिरवत आणेन असं तिला वाटलं नसावं. तिचा चेहरा बघून या पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की आपलं काहीतरी चुकलंय. मी घाबरलो.

गिरजाताईंनी विचारलं, ही कोणासाठी? मी म्हणालो, तुमच्यासाठीच. तुम्ही गावादेखत बाटली आडवी केलीत असं टोकावड्याला कळलं, म्हणून मुद्दाम आडवी ठेवली.

त्या शांतपणे बोलल्या. "आमच्या गावात दुकान बंद करायला बायांचं मतदान झालं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आन् आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हंजे दुकान बंद. पैल्यांदा बारा मतं कमी पडली. मग वरीसभर मी घरोघर फिरली. आन् तुमी मला बाटली आडवी घालून पाजताव?"

ढाब्याच्या मालकाने कपाळाला हात का लावला, ते तेव्हा कळलं.

त्यांनी बाटली उचलली. मला वाटलं, आता उठतात आणि जातात. त्यांनी बूच काढलं, वास घेतला, कपाळाला आठी घातली आणि ग्लासात चार थेंब ओतून जिभेला लावले.

"ह्यो तं कोरा चा हाय," त्या म्हणाल्या. "आलं जरा जास्त पडलंय."

मी काही बोलणार तेवढ्यात सौ. आतून बशी घेऊन आली. बशीत बर्बन. चॉकलेटचं, क्रीमवालं, फ्रिजमधून काढलेलं. म्हणाली, "चहा आणि बर्बन सांगितलं होतंत ना? यांना थंड चहाचा नाद आहे. बाटली दिसायला बरी म्हणून त्यात भरून ठेवतात. मी किती सांगितलं, पाव्हण्यांना कपातून द्या."

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणजे आता मी दोनपैकी एक म्हणू शकत होतो. एक, मी विज्ञानाचा माणूस असून हा चहा बर्बन समजून पीत होतो. दोन, होय, मी बाटलीत चहा भरून ठेवणारा विक्षिप्त माणूस आहे. दिपिका माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, होय, मला नाद आहे.

मग गिरजाताई हसायला लागल्या ते पदर डोळ्यांना लावेपर्यंत. भगीरथरावांनी एक बर्बन उचललं, दोन्ही बाजूंनी निरखलं आणि म्हणाले, "हे बगा. क्रीम जागच्या जागी. म्हनून सांगत व्हतो, थंड करा. या उन्हात बाहेर ठेवलं का नुसत्या दोन फाका हातात येतात."

४.५० ला होकार. योजनेपेक्षा अर्धा तास उशीर.

२० मे, मंगळवार.
सौ.ला विचारलं, खरं बर्बन कधी ओतलंस? ती म्हणाली, तुम्ही गिरणीत गेलात तेव्हा, मोरीत. म्हणजे सोमवारी, बारा तारखेला.

मागची पानं उलटून पाहिली. असंगत आचरण तेरा तारखेला. भाषण चौदाला. पाय लटपटले तेही चौदाला.

चहावर.

गिरजाताईंचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात त्यांच्या गावात व्यसनमुक्तीचा मेळावा आहे. मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलंय. बाटली सोबत आणायची आहे. स्टेजवर सगळ्यांदेखत तिच्यातून चहा प्यायचा. दिपिका म्हणते, बाबा, जायलाच हवं. मी हो म्हटलं.

थर्मामीटर आणि मोजपात्र धुऊन ठेवलं, शाळा उघडली की परत.

संध्याकाळी उरलेलं बर्बन खाल्लं. प्रयोगाचा निष्कर्ष: बर्बन थंडच करावं. क्रीम सुटत नाही.