खुशामतीची क्रियापदं

आबा, आज सकाळी धाकटी नातसून म्हणाली, आजी, तुमच्या हातच्या खिचडीला तोड नाही. मी म्हटलं, काय हवंय ते बोल. तिला आठ दिवस माहेरी जायचं होतं. ती हसली, मीही हसले, आणि तेवढ्यात मागून तुम्ही खाकरलात. मागे भिंत आहे, तिथे कोणी नाही, हे मला ठाऊक आहे. भुताखेतांना मी भीक घालत नाही. पण घरात कोणी गोड बोललं की तुमचा घसा साफ होतो आणि मला मनातल्या मनात सांगावं लागतं, यातलं कुठलं क्रियापद ते. तुम्हाला जाऊन जन्म लोटला, तरी पिच्छा सोडत नाही.

धुळ्याला तुमच्याकडे स्वयंपाकाला आले तेव्हा साहेब लोकांना देश सोडून चार-पाच वर्षं झाली होती, आणि त्यांच्यामागे तुमचा लॅटिनचा वर्गही बंद पडला होता. शिकायला पोरं उरली नाहीत म्हणून तुम्ही पुस्तक करायला घेतलेलं, लॅटिन क्रियापदं आणि त्यांची मराठी. मी नवऱ्याने टाकलेली, दोंडाईचाला भावाच्या घरी वहिनीची बोलणी खाऊन आलेली, शाळा दुसरीपर्यंत. मी भाकरी थापते आहे आणि तुम्ही उंबऱ्याशी पाटावर बसून विचारता आहात. त्या लॅटिनवाल्या लोकांकडे खुशामतीला एक शब्द नाही, म्हणता, प्रत्येक तऱ्हेला वेगळा. अदुलारी म्हणजे कुत्रं धन्यापुढे करतं ते. मी म्हणते, गोंडा घोळणं. असेंतारी म्हणजे समोरचा म्हणेल त्याला हो म्हणणं. त्यात काय, आमच्या गावात पाटलापुढे बठ्ठे, लहानथोर, तेच करतात, री ओढणं लिहा. ब्लांदिरी म्हणजे आवाज मऊ करून वळवणं. ती लाडीगोडी, नव्या सुनेला जात्यावर बसवायच्या आधी सासू लावते ती. पाल्पारेशी मात्र तुम्ही अडलात. हाताने कुरवाळणं, पण काही मिळवायचं म्हणून. मी विचारलं, गाय दूध चोरायला लागली की कासेवर पाणी मारून हात फिरवतात, तसं का? त्याला पान्हवणं म्हणतात. माझी भाकरी करपेपर्यंत तुम्ही तोच शब्द पुटपुटत बसलात. मग म्हणालात, पोरी, हा शब्द मला पंडितांनी दिला नसता. मी विचारलं, आता ही ब्लांदिरी की पाल्पारे? तेव्हा तुम्ही हसून हसून धोतराच्या सोग्याने डोळे पुसलेत. आल्यागेल्याला सांगायचात, ही बाई तोंडाची फटकळ आहे, म्हणूनच ठेवली आहे, खोटं तिला जमतच नाही.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरला तशी तुम्ही हातांना सवय लावून घेतलीत. कोरे कागद उजवीकडे, लिहिलेले डावीकडे. उजवीकडून उचलायचा, अंगठ्याने ओळ धरून लिहायचा, डावीकडे ठेवायचा. आखाजीचा सण आला. बाकीच्या बाया माहेरी झोके घ्यायला गेल्या. मला माहेर नव्हतं, म्हणून मी घर सारवायला काढलं. कागदांचे दोन्ही गठ्ठे उचलून पेटीवर ठेवले, जमीन वाळल्यावर परत मांडले. डावा उजवीकडे गेला आणि उजवा डावीकडे. सहा दिवसांनी चहा ठेवायला वाकले, तर तुमच्या हाताखालचा कागद काळाभोर. लिहिलेल्यावरच लिहीत होता. वर्षभराची कमाई तुम्ही आपल्याच हाताने पुसत होता, आणि तो हात मी तिथे नेऊन ठेवला होता.

माझं थबकणं तुम्हाला कळलं. विचारलंत, "नीट येतंय ना गं?"

मी म्हणाले, "मोत्याचे दाणे, आबा."

तुम्ही टाक दौतीत ठेवलात. म्हणालात, "आज पहिल्यांदा गोड बोललीस." आवाजात राग नव्हता. हसूही नव्हतं. मग परत टाक उचललात. त्यानंतर चार दिवस तुम्ही लिहीत होता, रोज तेवढाच वेळ, उजवीकडून उचलून. गठ्ठे परत फिरवायचं धाडस मला झालं नाही, फिरवले असते तर विचारलं असतंत. पाचव्या दिवशी अंगात ताप आला आणि पंधरवड्यात तुम्ही गेलात. तुम्हाला कळलं होतं का, एवढंच मला आजवर कळलं नाही. कळलं नसेल तर मी एका म्हाताऱ्याला फसवलं. कळलं असेल तर ते चार दिवस तुम्ही माझ्यासाठी शाई नासवत होता, मला लाज वाटू नये म्हणून. त्याला त्या लोकांकडे काय शब्द आहे, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

स्वतःला मी सांगत आले, म्हाताऱ्याचं मन मोडवेना म्हणून खोटं बोलले. कुणाचं मन मोडायला मी कधी कचरले होते? मी भ्याले होते. चूक कबूल केली तर दोंडाईचाचं दार परत दिसत होतं.

तुमचा मुलगा गठ्ठा घेऊन जळगावच्या छापखान्यात गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, गठ्ठा ओट्यावर टाकला आणि म्हणाला, "शेवटी शेवटी आबांचं डोकं फिरलं होतं, नाही का?" मी त्याच्यासाठी पाणी घेऊन उभी होते. मी म्हणाले, हो. त्या एका ‘हो’वर तुम्ही घरात, नात्यात, गल्लीत वेडे ठरलात, आणि मला त्याच घरात आणखी तीन वर्षं, दुसरं लग्न होईपर्यंत, भाकरी मिळाली.

मुलगा अजून आहे. ऐंशीच्या पुढे गेलाय, कान शाबूत आहेत, म्हणतात. पत्ता मला पाठ आहे. हे पत्र त्याच्या नावाचं व्हायला हवं, एवढी अक्कल मला आहे. तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही उघडणार नाही.