मोसंबीचा ताण आणि माझी छाती

१ डिसेंबर १९८७
परभणीच्या डॉक्टरांचं म्हणणं, हृदयाला रक्त कमी पडतंय. छातीत दुखलं की थांबायचं, गोळी जिभेखाली ठेवायची. म्हणजे दुखणं किरकोळ. मोठं असतं तर जिभेखाली भागलं नसतं.
थोरले बंधू दिनकरराव बावन्नाव्या वर्षी विहिरीपाशी गेले. मीही बावन्नचाच. पण दादा विडी ओढायचे.

४ डिसेंबर
बागेचं पाणी तोडलं. मोसंबीला महिनाभर तहानलेलं ठेवलं, मग पाणी सोडलं, की झाड फुलांनी लगडतं. त्यावरून सुचलं, हृदयालाही असाच ताण द्यावा. गोळ्यांनी ते लाडावेल. उद्यापासून पिंगळी स्टेशनपर्यंत चालणार. दुखलं तरी थांबणार नाही.

५ डिसेंबर, सकाळी
निम्म्या वाटेत, बाभळीपाशी दुखलं. थांबलो नाही. बसलो.

१२ डिसेंबर
प्रगती. दुखणं रोज त्याच बाभळीपाशी येतं. शिस्तीचं आहे.
बागेत पानगळ सुरू. मागून पाचोळा वाजतो. मी उभा राहिलो की तोही थांबतो. माझीच पावलं असणार.
सालगडी ग्यानबा म्हणाला, थोरले मालक बी हितंच उभं ऱ्हायचे, असाच छातीला हात लावून. म्हटलं, बटन लावतोय. तर म्हणतो, बनियनला बटन कुठं हाय, मालक?

२० डिसेंबर
आता बाभळीच्या आधीच दुखतं. ताण बसतोय.
सत्यशीला म्हणाली, झाड वाळलं तर दुसरं लावाल, छाती कुठून आणणार? लग्नाला तीस वर्षं झाली, बागायत कळली नाही. तिनं खिशात टाकलेल्या गोळ्या मी काढून भिंतीतल्या दिवळीत ठेवल्या.

२४ डिसेंबर
स्टेशन गाठलं, न बसता! हात गार पडलेत, पण थंडीच आहे. परतताना बागेत पाचोळा आज माझ्यापुढं वाजत होता.
उद्या दोन फेऱ्या.

६ जानेवारी १९८८, दवाखाना
ग्यानबानं बैलगाडीत घालून आणलं म्हणे. कुठं पडलो, आठवत नाही.
डॉक्टरांना ताणाची कल्पना समजावली. त्यांच्या घरचीही मोसंबीची बाग निघाली. त्यांनी विचारलं, ताण जास्त झाला तर? म्हटलं, फांदी वाळते, छाटून टाकायची. म्हणाले, हृदयाचा चौथा हिस्सा मेलाय. तो छाटता येत नाही, आतच राहणार.
सत्यशीलेला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. तिला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं.
आज ते मेलेलं घेऊन खिडकीकडं चाललो. नऊ पावलं. तिथं तिनं दंडाला धरलं. सोड म्हणायला दम उरला नव्हता.