चंद्रकांताची आत्या

भंडारा,
८ नोव्हेंबर १९७८

चि. घनश्याम,

मी इथे ठीक आहे. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालते. सौ. जनाचा गुडघा कसा आहे? थंडी पडली की तो कुरकुर करतो. तिला म्हणावं, मोहरीचं तेल कोमट करून चोळ आणि ओसरीच्या गार फरशीवर बसू नकोस. इथे सकाळी शेकोट्या पेटू लागल्या आहेत. बाजारात शिंगाडे आले आहेत, शेतांमधून धान कापणी चालू आहे. माझी खोली उत्तरेला आहे, त्यामुळे ऊन दारापर्यंत येतं आणि परत जातं.

पत्र मुद्दाम कचेरीच्या पत्त्यावर टाकते आहे. चंद्रकांताच्या सोयरिकीबद्दल आहे. घाबरू नकोस, मोडलेली नाही. मोडू नये म्हणूनच लिहिते आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि मग फाडून टाक.

भाऊबीजेला तुझी वाट पाहिली. दरवर्षीसारखी स्टँडच्या मागच्या बाकावर बसले होते, ताट पदराखाली झाकून. तुमसरच्या चार गाड्या आल्या आणि गेल्या. शेवटी एका कंडक्टरनं विचारलं, "बाई, तुमाले जायचं तरी कुठं हाय?" मी म्हटलं, कुठेच नाही. तो हसला. त्याला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं आहे.

गेली चार वर्षं तू अर्धा तास का होईना, येत होतास. टिळा लावून घ्यायचास आणि गाडीत चढण्याआधी रुमालानं पुसायचास. मी तेवढ्यात पाट्या वाचत बसायची. मी पाहिलं नाही तर तुला लाज कमी वाटेल, असा माझा हिशेब. या वर्षी तू येणार नाहीस याची मला धाकधूक होतीच, पण तरी गेले. मूर्खासारखी गेले.

आता ऐक. दिवाळीच्या आधी मी चार घरी फराळ करून देते, हे तुला ठाऊक आहे. माझ्या अनारशांना या गल्लीत मागणी आहे. भांड्यांच्या दुकानवाल्यांच्या घरी वसुबारसेला अनारसे तळत होते. त्या घरची मालकीण सुंदरबाई शेजारी पाटावर बसून माझ्याशी बोलत होती. बाई स्वभावानं वाईट नाही, फक्त तोंड थांबत नाही. म्हणाली, "सुमनची आई, तुमचं माहेर आंबागडचं ना? आमच्या पोराले तुमसरची पोरगी करून राहिलो आमी. तिचा बाप घनश्याम, कचेरीत हाय. त्यायचं बी मूळ गाव आंबागडच म्हनते. ओळखता काय?"

गल्लीत मला सगळे सुमनची आई म्हणतात. माझं नाव तिनं कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी म्हटलं, "ओळखते."

"मानसं कशी हायेत?"

"चांगली हायेत."

"पोरीले एक आत्या होती म्हनते, वारली म्हनते. कायनं वारली गा? टीबीगिबी तं नव्हती घरात? का कोड? आमचे हे म्हनून राहिले, पयले ते पाहून घ्या, मंगच पुढं बोलू."

घनश्याम, तेव्हा माझ्या हातात झारा होता आणि कढईत दोन अनारसे होते. दोन्ही फुटून तुपात पसरले. इतक्या वर्षांत माझा अनारसा कधी फुटला नव्हता. मी ते चाळणीत काढले, तूप निथळू दिलं. तेवढ्या वेळात मला स्वतःसाठी एक मरण शोधायचं होतं, आणि तेही असं की ज्यानं तुझ्या पोरीला डाग लागणार नाही.

"साप डसला बाई तिले," मी म्हटलं. "धानाचं पुंजनं रचत होती. भाऱ्याखाली होता."

"साप ना?" सुंदरबाईनं हुश्श केलं. "मंग काही हरकत नाही."

तिनं मला चहा दिला. पुढे म्हणाली, बिचारी. मी चहा प्यायले.

तू नुसतं "वारली" म्हणून मोकळा झालास. पुढचं कुणी विचारणार नाही असं वाटलं का तुला? लहानपणीही तू खोटं अर्धवटच बोलायचास आणि उरलेलं मी पुरं करायची. तेव्हा आता नीट पाठ कर. साप. चौऱ्याहत्तर साल, कार्तिक महिना, आंबागडचं शेत. जनालाही हेच सांग, नाहीतर ती मला दवाखान्यात नेऊन मारील. भाऊबीजेला तू भेटशील तेव्हा हे तोंडी सांगणार होते. पण मुलाकडच्यांच्या गावात, भर स्टँडवर, मेलेल्या बहिणीशेजारी बसलेला तू कसा दिसणार? तुझं न येणं मला समजलं. म्हणून ते कमी लागलं असं नाही.

राग आला रे. खूप आला. एक शब्द बोलले असते तर तुझी सोयरीक त्या चुलीपाशीच संपली असती, आणि तो शब्द माझ्या जिभेवर होता. तुझ्यासाठी गिळला असं समजू नकोस. मी तुझं घर सोडलं त्या दिवशी अनवाणीच निघाले होते. माझ्या चपला घेऊन फाटकापर्यंत धावत कोण आलं? तू नाही, जना नाही. चंद्रकांता आली. तिच्या बारशाला तिच्या कानात नाव मी सांगितलं होतं. पाहुण्यांपुढे तू मला "वारली" म्हणून मारलंस, तेव्हा ती पोह्यांच्या बशा घेऊन तिथेच असेल. तिनं मान खाली घातली असेल, एवढं तरी मला मानू दे.

माझा गुन्हा काय, तर माझ्या सुमननं इश्वरशी लग्न केलं. इश्वर मास्तर आहे, तिला फुलासारखं जपतो, पण त्यांचं घर बौद्ध. मी घर सोडलं त्या दिवशी तू अंगणात उभा राहून म्हणाला होतास, "ताई, पोरगी गेली तं गेली. तू त्यायच्या घरी पाय नको ठेवू, मी वर्षातून एकदा तुले भेटाले येत जाईन." मी ते पाळलं. इश्वर दर सुट्टीत म्हणतो, आई, साकोलीला चला. मी म्हणते, पुढच्या वेळी. नातू दोन वर्षांचा झाला. त्याला मी दोनदाच पाहिलं, तेही याच स्टँडवर. कुणासाठी? वर्षातून अर्धा तास बाकावर बसणाऱ्या भावासाठी.

आणि मी तरी कुठली मोठी धुतल्या तांदळाची? सुंदरबाईला मी सांगते, जावई सरकारी शाळेत आहे. तिनं नाव विचारलं तेव्हा मला ठसका लागला. पुढचं सांगितलं तर चुलीपाशी बसू देणार नाही, ही भीती. तू मला मारलंस, मी इश्वरला लपवलं. एकाच आईची लेकरं आपण. पण तुला लाज वाटते की नाही ते मला माहीत नाही, मला वाटते. त्या पोरानं मला आई म्हणावं आणि मी त्याचं नाव ठसक्यात घालवावं!

चंद्रकांता आता त्या घरची सून होणार. पुढच्या दिवाळीला मी तिथे चुलीशी दिसले तर तिच्या तोंडून "आत्या" निघेलच. म्हणून मी सुंदरबाईचं काम सोडलं. बाकीच्या घरांनाही सांगितलं. काल माझ्या हातानं इश्वरला पत्र टाकलं की पौर्णिमेला येऊन मला घेऊन जा. खोलीत फार सामान नाही. जाताना सुंदरबाईच्या दारात थांबून मी जावयाचं पूर्ण नाव सांगणार आहे. माझं सांगणार नाही, निश्चिंत राहा.

तुला कधी भेटावंसं वाटलं तर साकोलीला ये. दिवसाउजेडी ये, समोरच्या दारानं ये, इश्वरच्या घरचं पाणी पी आणि त्याच्या शेजारी पाटावर बसून जेव. ते जमणार नसेल तर येऊ नकोस. बाकावर मी आता बसणार नाही.

लग्नाच्या दिवशी चंद्रकांताला माझे आशीर्वाद सांग. मांडवात नको. कुणी ऐकेल.

शकुनताई