वरणाची बादली

८ फेब्रु., रवि.
उदगीर. लेकीच्या दिराचं लग्न. ठरवून गेलो होतो, गोडाला शिवायचं नाही. पंगतीत व्याही दिगंबरराव शेजारी. जिलबी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडाशी आणली. "माझी आण हाय पाव्हणं." चार माणसं बघत होती. खाल्ली. मग दुसरी. परतताना एस.टी.त बायको, सुमन, खिडकीकडे तोंड करून बसली. पायाच्या अंगठ्याची जखम ठणकते आहे.

१० फेब्रु., मंगळ.
नांदेडला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, शुगर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. तीन महिन्यांनी परत बोलावलंय. सुमननं पदर तोंडाला लावला.

१३ फेब्रु., शुक्र.
गावच्या उपकेंद्रात सिस्टरनं आम्हा शुगरवाल्यांना बसवून सांगितलं. पथ्य पाळलं जातं की नाही, हे तीन गोष्टींवर ठरतं. स्वतःला पटलंय का, आपल्या माणसांना काय वाटतं, आणि ते आपल्या हातात आहे असं वाटतं का. पहिलं मला केव्हाच पटलंय. दुसऱ्यात हरतो. पंगतीत नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. मग तिसरंही जातं.
निघताना म्हणाली, "नुसतं खाणार नाही म्हणू नका काका. वाढायला आले की काय करणार, ते आत्ता सांगा." घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं.

१ मार्च, रवि.
पूजेत सुचलं. म्हणजे पूजेत लक्ष नव्हतं. देवा, माफ कर. पंगतीत आग्रह कुणाला होत नाही? वाढणाऱ्याला.

२ एप्रिल, गुरु.
हनुमान जयंती. देवळाची पंगत. वरणाची बादली उचलली आणि शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. मला कुणी बुंदी पुढे केली नाही. उलट सगळे मलाच बास बास म्हणत होते. प्रसाद कपाळाला लावला, कण जिभेवर. देवाला कणही पुरतो. नंतर भाकरी, वांग्याची भाजी.
महादू, तोही शुगरवाला, कानाशी येऊन म्हणाला, "लई हुशार हाईस की. पुढच्या पंगतीला भाताची टोपली माझ्याकडं."

१२ मे, मंगळ.
नांदेड. शुगर उतरली. जखम पार भरली. डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. अंगठा राहतो. बाहेर टपरीवर दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला. सुमन म्हणाली, कडू हाय, आणि हसली. किती दिवसांनी!
गावात आता वाढणारे बहुतेक शुगरवालेच. लोक आपणहून बोलवून नेतात.

१५ मे, शुक्र.
रविवारी उदगीरला नातवाचं जावळ. तिथं मी मानाचा पाहुणा, पहिल्या पंगतीत पाटावर. फोन करून दिगंबररावांना सांगितलं, मी वाढणार. भडकले. व्याह्याच्या हातात बादली दिसली तर भावकी तोंडात शेण घालेल म्हणे. अंगठ्याचं सगळं सांगितलं. फेब्रुवारीतल्या जिलबीचंही. तरी ऐकेनात.
शेवटी म्हणालो, "मग तुमीबी एक बादली घ्या संगं."
पलीकडे ते खाकरले.
मग हळूच म्हणाले, "कशाची?"